खोगिरावर ठेवलेली फी

दौलत मास्तर गेले, हे मला बिरसाच्या बसच्या कंडक्टरनं सांगितलं, तेही दुसऱ्या कुणाला तिकीट देता देता. "दीदी, आपके मामाजी नहीं रहे. कल शाम को." मी पुढच्या गावी बाळंतिणी बघायला निघाले होते. एक पाय पायरीवर, हातात औषधांची पेटी... पेटी चपराश्याकडे परत पाठवली आणि परतीच्या बसनं उलटी बालाघाटला आले. खिडकीशी बसून रडावं म्हटलं तर रडू येईना. खोटं कशाला सांगू, मला आधी मामाची फी आठवली. महिन्याचे तीस रुपये, आगाऊ, आणि त्यात एक पैसा कमी नाही. सख्खा मामा माझा. घोड्यावर बसायला शिकवायचे तीस रुपये त्यानं सख्ख्या भाचीकडून घेतले होते.

आमच्या वॉर्डात पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. बुद्धवंदना झाली होती, माणसं सावलीला बसून बोलत होती. एक जण म्हणाला, "शिकवनं एक नंबर होतं गा त्याचं, पन आदमी लोभी होता." दुसऱ्यानं मान डोलावली, "हौ ना. भाचीले नाई सोडलं, तं आपली काय गोष्ट?" मी तिथंच होते, हातभर अंतरावर! असा संताप आला म्हणता... पण तो दिवस भांडायचा नव्हता, म्हणून गप्प बसले. आता महिना होत आलाय, आता बोलते. माझा मामा लोभी नव्हता. त्यानं फी घेतली ती बरोबर घेतली. हे वॉर्डाला पटवणं सोपं आहे, चार शिव्या घातल्या की पटेल. पण ती फी सगळ्यांत जास्त खुपली होती माझ्या मायला, आणि त्या फीपायी ती आपल्या धाकट्या भावाशी पंधरा वर्षं एक शब्द बोलली नाही. म्हणून मला सगळं पहिल्यापासून सांगायला हवं.

मामा मूळचा साईस. एका मालगुजाराच्या, म्हणजे गावोगावच्या जमिनीच्या मालकाच्या, तबेल्यात तो लहानपणापासून खरारा करायचा, लीद काढायचा, आणि वाड्यावरच्या पोरांना घोड्यावर बसायला शिकवायचा. पोरं त्याला "ए दौलत्या" म्हणून हाक मारत. शिकवण्याचे वेगळे पैसे मिळतात ही गोष्टच कुणाला ठाऊक नव्हती. सणावाराला जुना सदरा मिळे, कधी उरलेलं अन्न, आणि पगार द्यायचा झाला तर तो वरून टाकायचे, हाताला हात लागू नये म्हणून. मामा झेलायचा. चांगला झेलायचा, म्हणून त्याचं कौतुकही करायचे मेले! पुढे मालगुजारी गेली, तबेला मोडायला आला, तेव्हा थकलेल्या पगाराच्या बदल्यात मामानं एक पांढरं शिंगरू मागून घेतलं. तीच मैना घोडी. बालाघाटच्या ज्या ज्या माणसाचं त्या काळात लग्न झालं, त्यानं मैनेला पाहिलेलं आहे.

छप्पन साली मामा नागपूरला दीक्षा घेऊन आला. आला तो वेगळाच माणूस होऊन आला. मालगुजाराच्या घरून निरोप आला की जावयाला घोडं शिकायचंय, सकाळी ये. मामानं उलट निरोप धाडला: शिकवतो, महिन्याचे तीस रुपये, आणि शिकायला जावईबापूंनी आमच्या मैदानावर यायचं. लोक हसले. "दौलत्या फीस लेगा!" म्हणून बाजारात थट्टा झाली. पण आसपास दुसरा शिकवणारा होता कुठं? थोड्या दिवसांनी जावईबापू पैसे घेऊन मैदानावर हजर. त्यांनी सवयीनं नोटा वरून सोडल्या. मामानं हात पुढं केलाच नाही. नोटा मातीत पडल्या. "उचला आन् खोगिरावर ठेवा," मामा म्हणाला, "मंग मी घेतो." जावईबापूंनी इकडे बघितलं, तिकडे बघितलं, वाकून नोटा उचलल्या आणि मैनेच्या खोगिरावर ठेवल्या. त्या दिवसापासून तो रिवाजच पडला. कुणीही असो, मोठा असो की छोटा, फी आधी खोगिरावर ठेवायची, मामा ती उचलून कमरेला खोसणार, मग म्हणणार, "चढा." आणि त्या दिवसापासून दौलत्याचा दौलत मास्तर झाला. पुढे एका ठेकेदारानं त्याला आपल्याकडे पगारावर ठेवतो म्हटलं, राहायला खोलीसुद्धा देत होता. मामा गेला नाही. म्हणाला, पगार घेतला की मालक बोलवील तेव्हा जावं लागते, फी घेतली की शिकणाऱ्याले माह्याकडे यावं लागते.

त्याचं खरं गिऱ्हाईक मात्र होते नवरदेव. आमच्या लोकांत तोवर नवरदेव घोडीवर बसत नव्हता, म्हणजे बसू देत नव्हते. माझे बाबा मी लहान असतानाच गेले, पण त्यांच्या लग्नाची गोष्ट माय अजून सांगते. बाबांच्या गावी वरात निघाली ती पायी. "तुह्या बाबाचे पाय चिखलानं भरले होते, तसाच मांडवात आला," एवढंच सांगते आणि विषय बदलते. छप्पननंतर ज्याला त्याला घोडीवरून वरात हवी झाली. हौस मोठी, पण बसायची सवय कुणाला? पहिल्याच वर्षी एक नवरदेव बँडच्या समोर मुंडावळ्यांसकट घसरला आणि बघे पोट धरून हसले. मामाला ते फार लागलं. त्यानं नियम केला: आधी तीन दिवस शिकवणी, मगच घोडी. मग काय, रामपायली, खैरलांजीपासून नवरदेव सायकली मारत येऊ लागले, हळद लागायच्या आधी ताठ बसायला शिकून जाऊ लागले. शिकवणीचे पैसे वेगळे, घोडीचं भाडं वेगळं. गरिबातला गरीब नवरदेव असला तरी मामा सूट देत नसे. आणि सांगते, एकानंही पैसे बुडवले नाहीत. ते खोगिरावर पैसे ठेवताना पोट्ट्यांची छाती अशी काही फुगायची की बघत राहावं.

या वरातींनी मैनेला मात्र एक खोड लावली. वरात दारोदार थांबायची, बायका ताट घेऊन ओवाळायला यायच्या, आणि नवरदेवाच्या आधी घोडीला भिजवलेली चण्याची डाळ आणि गूळ मिळायचा. त्यामुळे दारात बाई उभी दिसली की मैना थांबायची. थांबायची म्हणजे खुंटा ठोकल्यासारखी. खायला मिळाल्याशिवाय हलायचं नाव नाही. ही खोड आमच्या सगळ्यांच्या आयुष्यात पुढे किती ढवळाढवळ करणार आहे, हे तेव्हा कुणाला ठाऊक?

मी मिडवाइफची ट्रेनिंग पुरी केली आणि ऑर्डर आली ती बिरसाची. तिकडे सगळं जंगल, नाले, पावसाळ्यात सायकलच खांद्यावर घ्यावी लागते. सरकार घोडा-भत्ता देत होतं, पण बसता येत असेल तरच. माझ्या आधीच्या दोघी पायी फिरून हैराण झाल्या आणि नोकरी सोडून गेल्या. मोठे डॉक्टर मला म्हणाले, "महीने भर का टाइम है. घोड़े पर बैठना सीख लो, नहीं तो दूसरी का नाम भेजना पड़ेगा." घरात कमावणारी एकटी माय. बिड्या वळून वळून तिची बोटं पिवळी झालेली. ही नोकरी हातची गेली असती तर मीपण तेंदूपत्त्याचं सूप मांडीवर घेऊन तिच्या शेजारी बसले असते, दुसरं काय! पण माय बिनघोर होती. "चिंता काहून करते वो? घोडी घरची, मास्तर घरचा."

आम्ही दोघी मामाकडे गेलो. तो मैनेला खरारा करत होता. मायनं सगळं सांगितलं. मामा खरारा न थांबवता म्हणाला, "शिकवतो. तीस रुपये. आगाऊ."

माय हसली. तिला वाटलं, मस्करी. "चाल, उगाच मस्करी नको करू."

"मस्करी नाई, बाई." मोठ्या बहिणीला तो बाईच म्हणायचा.

मग जे भांडण झालं ते अर्ध्या वॉर्डानं ऐकलं. मामाला आई नव्हती, मायनंच त्याला कडेवर घेऊन वाढवलेलं. "भाचीच्या हातावर मामानं ठेवाचं असते, अन् तू भाचीपासून घेऊन राह्यला? मंग म्या तुले कडेवर वागवलं त्याची फी लावू का?" "लाव," मामा म्हणाला, "देतो. पन घोडीची फी घोडीची." माय ओरडली, "आग लागो तुह्या फीले! तुह्या घोडीवर मी मेली तरी बसनार नाई!" "फी देल्याशिवाय मी बसू पन देनार नाई!" आता मायला कुणी बस म्हटलंच नव्हतं, पण भांडणात कोण काय बोलेल याला धरबंद असतो का? दुसऱ्या दिवशी मायनं दारची शेळी विकली. पैसे आणून मैनेच्या खोगिरावर आपटले आणि म्हणाली, "घे. आजपासून तू मास्तर. भाऊ नाई." मामानं पैसे उचलले, कमरेला खोसले आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "चढ." त्याचे डोळे लाल झालेले मी पाहिले. पण पैसे परत दिले नाहीत त्यानं. नंतरही कधी दिले नाहीत, चोरूनलपून कुठं ठेवलेही नाहीत. मैनेच्या दाण्यापाण्याला आणि नव्या लगामाला लागले ते. उगाच कुणी गोड गोष्ट रचू नये, म्हणून सांगते.

पहिल्या दिवशीच मी आपटले. कोपर सोललं, लुगड्याचा काष्टा सुटला, मैदानावरची पोट्टी फिदीफिदी हसली. मी रडत म्हटलं, "मामा, मी घरी जातो." आमच्याकडे रागालोभात बायकामुली असंच बोलतात, पोरांसारखं. मामा म्हणाला, "जा ना. भाची असती तं मीच उचलून नेलं असतं तुले बाईजवळ. पन तू फी देली हाय. फी देनारा पडला का पुन्हा चढते, त्याचे पैसे राह्यते ना घोडीवर!" शेळीची आठवण आली. चढले. एक दिवस लगाम बांधता बांधता मी त्याला सरळच विचारलं, माझ्याकडून घ्यायलाच हवी होती का रे? तो म्हणाला, "कुसुम, जे पोट्टे मी फुकट शिकवले, ते मले दौलत्या म्हनत होते. ज्यानं फी देली तो मास्तर म्हनते. तुले फुकट शिकवलं, तं उद्या मालगुजार म्हनन का हा तं फुकट पन शिकवते. अन् तू पन बिरसाले जाऊन सांगशीन, मामानं बसवलं. मले पायजे का तू सांगावं, मी शिकली." मला पटलं. त्या दिवशी पटलं ते आजही पटतं. मायला मात्र मी हे सांगू शकले नाही, कारण मामाचं नाव काढलं की ती सूप घेऊन आत जायची.

महिना संपला. डॉक्टरांनी फर्मावलं, उद्या सकाळी वॉर्डातून दवाखान्यापर्यंत घोड्यावर बसून या, मी फाटकात उभा राहीन. वॉर्डातली पोरगी घोड्यावर निघणार म्हटल्यावर घरंच्या घरं रिकामी झाली, एकूण एक बाई दारात! आणि तिथंच घोळ झाला. मी मामाच्या दारातून ऐटीत निघाले, पुढच्या पहिल्याच दारात मैना थांबली. टाच मारली, चुचकारलं, लगाम सैल सोडला, ढिम्म! मैनेच्या हिशेबानं ही वरात होती आणि मी नवरदेव. मामा मागून हाताची घडी घालून चालत येत होता. मी ओरडले, "मामा, ओढ ना इले!" तो म्हणाला, "फी शिकवाची घेतली, ओढाची नाई." असा राग आला त्याचा! पण मग डोकं चाललं. मी घोडीवरूनच हाका मारल्या, "ओ मावशी, मूठभर चणे आना! ओ वहिनी, गूळ आना, नाई तं नोकरी गेली माही!" मग जी धावपळ उडाली! बायका पदरात चणे घेऊन पुढं पुढं पळताहेत, मैना दारोदार खातेय, मी हात जोडतेय... आमच्या दारात माय उभी होती. तिनं ओंजळभर डाळ मैनेपुढं धरली, माझ्याकडे बघितलं, आणि मामाकडे पाठ केली. दवाखान्याच्या फाटकात पोचायला उशीर झाला तो झालाच. डॉक्टरांना मी खरं कारण सांगितलं. ते पोट धरून हसले, म्हणाले, "हर दरवाज़े पर रुकने वाली दाई, और क्या चाहिए मुझे? जाओ बिरसा." गेले मी बिरसाला. तिथं भत्त्यावर तट्टू घेतलं आणि जंगलातली सगळी गावं त्यावर बसून पालथी घातली. कुणी विचारलं की सांगायची, मी शिकली. पुढे माझा भत्ता अडवायला बघणारे पुष्कळ भेटले. मी एकदाही सोडला नाही. मामाची भाची होते ना!

इकडे बालाघाटला एक नवीनच गोष्ट सुरू झाली. मामा रोज सकाळी मैनेला घेऊन मैदानावर जायचा, वाटेत आमचं दार. दारात माय बिड्या वळत बसलेली. मैना थांबायची. माय उठायची, आतून भिजवलेली डाळ आणायची, मैनेला भरवायची. ती खाईपर्यंत भाऊ-बहीण हातभर अंतरावर उभे. तो लगाम धरून रस्त्याकडे बघणार, ही घोडीच्या तोंडाकडे बघणार. अक्षर बोलायचं नाही! मग मैना हलायची, माय सुपाशी बसायची. मी सुट्टीवर आले की हा तमाशा बघायची आणि दोघांवर चिडायची. एकदा मामाला म्हटलं, दुसऱ्या गल्लीनं ने ना तिला. तो म्हणाला, "मैनाले सवय हाय." मायला म्हटलं, दाराशी बसूच नको सकाळी. ती म्हणाली, "मुक्या जनावरानं काय केलं माह्यं?" पंधरा वर्षं दोघांनी मैनेवर ढकललं. मी कितीदा मध्ये पडले. मामा म्हणे, बाईनं बोलावं, मी तं बोलतोच हाय. माय म्हणे, मास्तरशी काय बोलाचं असते? आणि घोडीच्या गळ्यावरून हात फिरवता फिरवता तिचा हात खोगिरापर्यंत जायचा, तिथून परत यायचा. हे मी पाहिलेलं आहे.

हळूहळू रस्ते झाले, जीपा आल्या, मोटारसायकली आल्या. नवरदेव फुलांच्या मोटारीत बसू लागले. मामाकडे शिकायला येणारे कमी झाले, पण भाव तोच. मी एकदा म्हटलं, थोडा कमी कर, चार पोरं येतील तरी. तो म्हणाला, "चार कमी आले तं चालते वो, मास्तर कमी नाई झाला पायजे." शेवटच्या वर्षात खोकला धरला, सदरा अंगावर लोंबायला लागला. मी बिरसाहून औषध आणलं, त्याचेही पैसे त्यानं मला दिले, घेईपर्यंत सोडलं नाही. मैनाही म्हातारी झाली होती. दोघं सावकाश यायचे, आमच्या दाराशी थांबायचे, माय डाळ घेऊन यायची...

परवा मी रजा काढून बालाघाटला आले होते. सकाळी दाराशी टापांचा आवाज आला. मामी मैनेला घेऊन आली होती. म्हणाली, घोडी खुंट्याला राहतच नाही, वेळ झाली की दावं ओढते. पाठीवर खोगीर होतं. मामी म्हणाली, त्याच्याशिवाय निघत नाही. मैना आमच्या दारात थांबली. माय डाळ घेऊन उठली, भरवू लागली. आणि भरवता भरवता तिनं लगामाकडे पाहिलं. तिथं मामीचा हात होता.

माय आत गेली. ट्रंकेचं झाकण वाजलं. बाहेर आली ती मुठीत नोटा घेऊन. मामीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं नाही. मैनेच्या खोगिरावर तीस रुपये ठेवले, नीट, हातानं सपाट करून. मामी घाबरून म्हणाली, "बाई, हे काय करून राह्यल्या तुमी?" माय म्हणाली, "घे वो तू. त्याची फी हाय." मामीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "घ्या मामी. घेतल्याशिवाय चढता नाई येत." मामीनं नोटा उचलल्या आणि कमरेला खोसल्या, अगदी मामासारख्या.

"धर मले, कुसुम," माय म्हणाली.

साठी ओलांडलेली बाई, तिला चढवताना माझी आणि मामीची पुरेवाट झाली. पण बसली! काष्टा खोचून, ताठ, एक हात लगामाला, एक मैनेच्या आयाळीत. मी पुढं धरून चालले. शेजारची बाई दाराशी आली, मैना थांबली. बाई काय समजली कोण जाणे, आत पळाली आणि ओंजळीत चणे घेऊन आली. मग पुढचं दार, मग त्याच्या पुढचं. कुणी हसलं नाही. गल्ली फिरून आम्ही परत आमच्या दाराशी आलो. मैना थांबली, आणि आता भरवायला दारात कुणीच नव्हतं, कारण भरवणारी पाठीवर बसली होती. मी आत धावले, उरलेली डाळ घेऊन आले. मैना खाऊ लागली. माय उतरेना. ती लगामापाशी, जिथं मामा उभा राहायचा, तिथं बघत होती.

"फी देली रे, दौलत," ती म्हणाली. "आता बोलतो मी तुह्यासंगं." मग अगदी हळू, धाकट्याला रागावावं तशी म्हणाली, "किती वाळलता रे तू. मले दिसत होतं ना रोज."